पलटणीतून तालुका कोर्टात: चाळिशीत वकिली सुरू करू इच्छिणाऱ्या एका नाईकांना उत्तर

प्रश्न विचारणारे लष्करात नाईक या हुद्द्यावर आहेत. बावीस वर्षांची नोकरी होत आली, पुढच्या वर्षी डिस्चार्ज, वय एक्केचाळीस. नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाले. घरचे म्हणतात, बँकेत गार्ड म्हणून लागा. त्यांना स्वतःला एलएल.बी. करून तालुक्याच्या कोर्टात वकिली करायची आहे. या वयात सुरुवात करून काही होतं का, आणि पलटणीतली वर्षं तिथं उपयोगी पडतात का, हे त्यांनी विचारलंय.

नाईकसाहेब, होतं. आणि उपयोगी पडतात, पण तुम्हाला वाटतंय त्या रीतीने नाही. जरा सविस्तर सांगतो.

मी १९६७ साली बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरवर भरती झालो. जुनी अकरावी मॅट्रिक झालेला होतो, टायपिंग येत होतं, म्हणून क्लार्क झालो. एकाहत्तरच्या लढाईत पूर्व आघाडीवर होतो. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर, १९८२ साली, स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज घेतला. शिवाजी विद्यापीठाची बी.ए. तोवर बाहेरून केली होती. मग साताऱ्याला तीन वर्षं कायद्याचं शिक्षण घेतलं आणि १९८६ ला वकिलीची सनद मिळाली. तेव्हापासून सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी भागात, एकाच तालुक्याच्या कोर्टात काम करतोय. आता शहात्तर वर्षांचा आहे. गावात मला माझ्या नावाने हाक मारणारे थोडे, 'मिलिटरी वकील' म्हणणारे जास्त.

वकिली का केली, तर पलटणीतल्या टाइपरायटरमुळे. सुट्टी संपवून परत आलेला जवान पहिल्यांदा क्लार्ककडे यायचा. रजेचा कागद जमा करायचा आणि तिथंच घुटमळत उभा राहायचा. मग खिशातून अंतर्देशीय पत्र निघायचं. बांध कोरला, विहिरीचं पाणी अडवलं, भावाने सातबाऱ्यावर नाव चढवलं, बायकोला चुलत्याने घराबाहेर काढलं. सी.ओ. साहेबांच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या, सहीने त्याच्या जिल्ह्याच्या कलेक्टरला पत्र जायचं, की आमचा अमुक जवान सीमेवर आहे, त्याच्या जमिनीच्या तक्रारीत लक्ष घालावं. ती पत्रं मी टाइप करायचो. पंधरा वर्षांत किती केली याचा हिशेब नाही. उत्तर बहुतेक वेळा एका ओळीचं यायचं, 'प्रकरण तहसीलदारांकडे चौकशीसाठी पाठवले आहे.' त्यापुढे काय होतं हे पलटणीत कुणालाच कळत नसे. मला ते बघायचं होतं.

दुसरंही एक टाइपिंग केलं. एकाहत्तरच्या डिसेंबरात जखमी आणि शहीद जवानांची विवरणं तयार करायची होती. नंबर, रँक, नाव, जवळचा नातेवाईक, गाव, पोस्ट, तालुका. पुढे कोर्टात बसलो तेव्हा त्यातल्याच काही घरांतली माणसं माझ्या टेबलासमोर आली. पोस्ट आणि तालुका मी स्वतः टाइप केलेला होता. त्या गावांत पुढे काय झालं ते मला वीस-वीस वर्षं बघावं लागलं.

आमच्या जिल्ह्यात घरटी शिपाई असलेली गावं आहेत. अपशिंगे गावाला तर लोक अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. अशा भागात वकिलाच्या हाती येणारे दावे बघितले तर बऱ्याच दाव्यांच्या तळाशी एकच गोष्ट सापडते. माणूस घरी नव्हता. तो नसताना नोटीस आली, पंचनामा झाला, वाटणी झाली, वारसनोंद झाली. तुम्ही वकिलीत येणार असाल तर या गैरहजर माणसाचे वकील म्हणून या. तालुक्यात चांगले वकील पुष्कळ आहेत, पण पलटण, कंपनी, ए.पी.ओ.चा (लष्करी टपालाचा) पत्ता आणि पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं अशा बदलांची पलटणीतली नोंद) म्हणजे काय हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही असा वकील फार थोड्या ठिकाणी आहे.

एक प्रकरण सांगतो. सनद घेऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी अजून आमच्या सीनियरांच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या टेबलावर बसत होतो. पावसाळ्यात एक नाईक आला, अंगात शर्ट-पँट आणि पायात पी.टी. शूज. दोन महिन्यांच्या रजेतले चाळीस दिवस संपलेले. हातात सातबाऱ्याचा उतारा. थोरल्या भावाने त्याच्यावर दावा लावला होता, की जमीन पूर्वीच वाटून झाली आणि हा तुकडा एकट्याचा. दाव्याचा हुकूमनामा एकतर्फी झालेला आणि त्यावरून फेरफारही पडलेला. नाईक उंचावरच्या पोस्टवर होता, त्याला दाव्याचा पत्ताच नव्हता. रजेवर आल्यावर तलाठ्याकडे पीककर्जासाठी उतारा काढला तेव्हा कळलं.

सीनियर म्हणाले, "रेकॉर्ड बघून ये. समन्सवर बेलीफाने काय लिहिलंय ते उतरवून आण."

रेकॉर्ड रूममध्ये कागद उलगडला. समन्सच्या पाठीमागे बेलीफाचा रिपोर्ट, जांभळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात: 'प्रतिवादी यांचे राहते घरी समक्ष गेलो असता प्रतिवादी हे मिलिटरीत नोकरीस असलेने मिळून आले नाहीत, सबब समन्सची प्रत दर्शनी दरवाजावर चिकटवली.' खाली दोन पंच. त्यातला एक भावाचा मेहुणा.

दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ५ चा रूल २८ आहे. प्रतिवादी सैनिक असेल तर समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवायचं असतं. दारावर चिकटवून भागत नाही. आणि इथं प्रतिवादी सैनिक आहे हे कोर्टाच्याच माणसाने लिहून ठेवलेलं. आम्ही ऑर्डर ९ रूल १३ खाली एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज दिला. समन्स रीतसर बजावलंच नसेल तर मुदत कळल्या दिवसापासून तीस दिवस धरतात, त्यामुळे मुदतीतही बसत होतो. नाईकाच्या रजेचे वीस दिवस उरले होते. त्यात शपथपत्र, वकीलपत्र, पलटणीचं सर्टिफिकेट, सगळं उरकलं. आदेश झाला तेव्हा तो परत पोस्टवर पोहोचला होता. मी त्याला तार केली. पुढे मूळ दावा अकरा वर्षं चालला आणि तडजोडीने मिटला. त्याला त्याचा हिस्सा मिळाला.

बेलीफाचं ते वाक्य वाचताना माझ्या डोळ्यांसमोर टाइपरायटर उभा राहिला. पंधरा वर्षं कलेक्टरला पत्रं लिहीत होतो, आणि कायद्यात एक साधा नियम तयार होता, तो ना जवानाला माहीत ना क्लार्कला.

असे आणखी कायदे आहेत, ते आतापासून वाचायला घ्या. १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट. सैनिक युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत नोकरीवर असेल तर त्याच्याविरुद्धचं काम कोर्टाला पुढे ढकलता येतं, त्याच्याविरुद्ध झालेला हुकूमनामा रद्द करता येतो, मुदतीचे दिवस मोजताना तो काळ वगळता येतो. सक्षम अधिकाऱ्याचं सर्टिफिकेट लागतं. शंभर वर्षं जुना कायदा आहे, पण मी तो कोर्टात वाचून दाखवला तेव्हा समोरच्या वकिलांनी पुस्तक मागून घेतलं. संहितेतली ऑर्डर २८ बघा. रजा मिळत नसेल तर सैनिक आपल्या कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून घरच्या माणसाला दावा चालवायचा अधिकार देऊ शकतो. साधा एक कागद, पण तो वेळेवर केला की बायको किंवा बाप कोर्टात उभा राहू शकतो. कूळ कायद्यातही १९६४ साली सैनिक जमीनमालकांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलेलं आहे. जुन्या कुळांच्या वादात ते अजून निघतं.

महसुलाचं काम मात्र पुस्तकात वाचून येत नाही, ते तहसील कचेरीच्या व्हरांड्यात शिकावं लागतं. बाप वारल्यावर वारसनोंद होताना थोरला भाऊ 'ए.कु.मॅ.' म्हणून लागतो, एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या वेळी कुणालाच त्यात वावगं वाटत नाही, धाकटा सीमेवर आहे, थोरला शेत बघतोय. वीस वर्षांनी ती तीन अक्षरं गळून पडतात आणि नुसतं थोरल्याचं नाव राहतं. फेरफाराची नोटीस गावच्या पत्त्यावर निघते, पंधरा दिवसांत हरकत घ्यायची असते, आणि तुमचा पत्ता ५६ ए.पी.ओ. असतो. रजेवर आलेला जवान उतारा बघून हादरतो, त्याला वाटतं जमीन गेली. त्याला पहिल्यांदा खुर्चीवर बसवा, पाणी द्या आणि सांगा, की फेरफाराने मालकी जात नाही. ती महसुलाची नोंद आहे. प्रांताकडे अपील होतं, उशीर माफ करून घेता येतो, आणि मालकी दिवाणी कोर्ट ठरवतं. एवढं ऐकून माणसाचा चेहरा बदलतो. मगच कागद काढा.

सर्वांत दुखरी कामं मनिऑर्डरींची. जवान वीस वर्षं पैसे पाठवतो. त्या पैशातून थोरला भाऊ विहीर पाडतो, दोन एकर विकत घेतो, खरेदीखत स्वतःच्या नावावर. डिस्चार्ज होऊन आलेला माणूस म्हणतो, माझ्या पगारातून घेतलंय. आपल्या समाजाला वाटतं की एकत्र कुटुंबात घेतलेली जमीन सगळ्यांची. कोर्ट तसं गृहीत धरत नाही. कुटुंबाकडे ती घेण्याइतकं मूळ उत्पन्न होतं हे आधी दाखवावं लागतं, आणि दुसऱ्याच्या पैशाने घेतली म्हणायला गेलं तर १९८८ चा बेनामी कायदा आडवा येतो. अशा दाव्यात मी एकदा मनिऑर्डरीच्या एकशेचाळीस पावत्या पुराव्यात निशाणीवर घातल्या. त्या त्याच्या आईने पिठाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. आईला वाचता येत नव्हतं. तिने त्या फक्त मुलाने पाठवलेल्या म्हणून ठेवल्या. तडजोडीच्या वेळी थोरला भाऊ त्या पावत्यांकडे बघत राहिला आणि मान्य करून मोकळा झाला. प्रत्येक घरात असा पिठाचा डबा नसतो. तुमच्या पलटणीतल्या पोरांना आत्ताच सांगा, पैसे बँकेतून पाठवा आणि जमीन घ्याल तर खरेदीखतावर आपलं नाव आहे का ते बघूनच घ्या.

आणखी एक गैरसमज. 'आघाडीवर लिहिलेलं मृत्युपत्र साक्षीदारांशिवाय चालतं', असं पलटणीत सर्रास बोललं जातं. वारसा कायद्यात सैनिकांसाठी तशी सवलत आहे खरी, पण ती हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू होत नाही. दोन साक्षीदार लागतातच. वहीच्या पानावर लिहून उशीखाली ठेवलेला कागद मी कोर्टात हरलेला पाहिलाय, आणि त्यातलं अक्षर त्याच माणसाचं आहे याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

आता विधवांविषयी. तुमच्या प्रॅक्टिसचा मोठा भाग हा असेल, म्हणून इथं थोडं थांबतो.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळात सोन्याच्या अंगठीने नवीन नाव लिहितात, सगळे कौतुकाने बघतात. तो नवरा रजा संपवून पलटणीत जातो आणि क्लार्कला बायकोचं नाव सांगतो. कधी माहेरचं सांगतो, कधी सासरचं, कधी घरात जे हाक मारतात ते. क्लार्क पार्ट टू ऑर्डर काढतो आणि तेच नाव कायमचं होतं. इकडे रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. नवरा जिवंत असेपर्यंत याने काही अडत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज परत येतो, नाव जुळत नाही म्हणून.

एका म्हातारीला तिचा नातू घेऊन आला होता. तिच्याजवळ काळी ट्रंक, वर नवऱ्याचा नंबर पांढऱ्या रंगाने लिहिलेला. आत डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ. (पेन्शनचा आदेश), दोन पदकं आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला लग्नातला फोटो. ती सात वर्षं पेन्शनशिवाय होती. मी डिस्चार्ज बुक उघडलं, पत्नीचं नाव वाचलं आणि तिला विचारलं, "आजी, या नावाची बाई कोण?" तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "मीच की. माहेरचं नाव हाय. ह्या नावानं कुणी हाक मारून पन्नास वर्सं झाली." मग शाळेचा जुना दाखला शोधला, गावच्या पोलीस पाटलाचा जबाब, तहसीलदारांचा दाखला, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस, मग रेकॉर्ड ऑफिस, मग प्रयागराजचं लष्करी पेन्शन कार्यालय. अकरा महिने लागले. यात एकदाही कोर्टात उभं राहावं लागलं नाही. वकिली म्हणजे भाषण, असं तुमच्या मनात असेल तर ही अकरा महिन्यांची फाइल आठवा.

जिथं अर्ज करून भागत नाही तिथं सैन्य दल न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने झालं, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जायचं असतं. पेन्शनसारख्या दर महिन्याला चालू राहणाऱ्या नुकसानीत उशिरा गेलं तरी दार बंद होत नाही, पण थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. त्या आजीचीही सगळी सात वर्षं मिळतील असं मी तिला सांगितलं नव्हतं, आणि तुम्हीही कुणाला सांगू नका. अपंगत्वाच्या पेन्शनीसाठी धरमवीर सिंग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल पाठ करा. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीमुळेच झाला असं मानायचं आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, हे त्यात आहे. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नियम बदलले, त्यानंतरच्या प्रकरणात नवे नियम उघडून बघितल्याशिवाय अशिलाला काही सांगू नका.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तुमच्याही हातून ती होण्याचा धोका आहे. सुरुवातीला पलटणीतला माणूस आला की मी त्याचं सगळं खरं धरायचो. असाच एक जवान पोटगीच्या कामात आला. बायको स्वतःहून माहेरी गेली, नांदायला येत नाही, म्हणाला. मी जोराने उलटतपास घेतला. ती बाई साक्षीच्या पिंजऱ्यात कठडा धरून उभी होती. मी विचारलं, "तुम्ही नवऱ्याला कधी एक पत्र तरी लिहिलंत का?" तिने पदराच्या गाठीतून पाच अंतर्देशीय पत्रं काढली, 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलेली. एकात लिहिलं होतं की पोराला दूध घालायला पैसे नाहीत, तुम्ही माझ्यावर रागवा पण त्याच्यासाठी पाठवा. न्यायाधीशांनी ते मोठ्याने वाचलं. मी खाली बसलो. बाहेर येऊन त्या जवानाला सांगितलं की आजच तडजोड करायची, नाहीतर दुसरा वकील बघ. त्याने केली.

त्या दिवसापासून सैनिक अशिलाला पहिला प्रश्न विचारतो, घरून आलेली पत्रं दाखव. आणि सैनिकाची बायको आली तर तिचंही काम घेतो. सैनिकाच्या पगारावर दिवाणी कोर्टाला जप्ती आणता येत नाही, १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम २८. पण त्याच कायद्यात बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपात करण्याची सोयही आहे, अर्ज युनिटकडे करायचा. हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. गैरहजर माणसाचा वकील म्हणालो, त्यात ही बाईही येते. पलटणीच्या कागदात तीसुद्धा गैरहजरच असते.

पलटणीची वर्षं कशी उपयोगी पडतात हे विचारलंत. वक्तशीरपणा उपयोगी पडतो. अकराला बोर्ड सुरू होतं, मी साडेदहाला कोर्टात असतो, आजही. पुकारा झाला आणि वकील नाही म्हणून माझं एकही काम निकाली निघालेलं नाही. थांबण्याची सवय उपयोगी पडते. गार्ड ड्युटी केलेल्या माणसाला व्हरांड्यात चार तास उभं राहण्याचं काही वाटत नाही, आणि तालुका कोर्टात निम्मं आयुष्य उभं राहण्यात जातं. कागद जपण्याची सवय उपयोगी पडते.

अडचण होते ती हुकूम पाळण्याच्या सवयीची. पहिली दोन वर्षं न्यायाधीशांनी भुवई उंचावली की मी "येस सर" म्हणून गप्प बसायचो. सीनियर बाहेर आल्यावर म्हणायचे, "अहो, तुम्हाला ऐकायला नाही उभं केलं, बोलायला उभं केलंय." अदबीने नाही म्हणायचं, परत सांगायचं, रोजनाम्यात नोंद करून घ्यायची, हे शिकायला मला वेळ लागला. रागाचंही बघा. आवाज चढवून काम होतं ही पलटणीतली समजूत कोर्टाच्या दारात ठेवून आत यायचं. कारकून, पट्टेवाला, बेलीफ, टायपिस्ट यांच्याशी वागताना तर विशेष. तुमचा हुद्दा तिथं कुणाला ठाऊक नसतो, आणि ते बरंच आहे.

आता प्रवेशाचं. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला राज्याची सीईटी द्यावी लागते. पदवीला खुल्या प्रवर्गात पंचेचाळीस टक्के लागतात. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण दहावी-बारावी रीतसर करून मग घेतलेली हवी. बारावी न करता थेट पदवी घेतली असेल तर ती कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही. पंधरा वर्षांच्या सेवेवर सैनिकाला पदवीधरासमान धरतात, ते गट 'क'च्या नोकरीसाठी. त्यावर लॉ कॉलेजात प्रवेश मिळत नाही, यात कित्येकांची निराशा झालेली मी पाहिली. वयाची आडकाठी सध्या नाही. पंचेचाळिशीनंतर सनद न देण्याचा बार कौन्सिलचा जुना नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच रद्द केला. हजेरी मात्र सत्तर टक्के लागते, आणि पत्राद्वारे केलेली एलएल.बी. धरत नाहीत. हजेरी नुसती मांडून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. नंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद. २०२४ च्या निकालानंतर नोंदणीला खुल्या प्रवर्गात ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. मग दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा. पेन्शन घेऊन वकिली करता येते. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली दोन्ही करता येत नाही, तेव्हा गार्डची नोकरी सांभाळून कोर्ट करू हा विचार असेल तर तो सोडा.

पैशाचं खरं सांगायचं तर पहिली तीन वर्षं काही मिळत नाही. माझी पहिली फी पन्नास रुपये, ती मी आठवडी बाजारात आमच्या मंडळींच्या हातात दिली आणि त्यांनी त्याची भाजी घेतली. तरुण वकील याच तीन वर्षांत खचतात, खोट्या आश्वासनांवर काम घ्यायला लागतात. तुमच्याकडे पेन्शन आहे. घर चालतं राहणार, म्हणून ज्या दाव्यात दम नाही त्याला नाही म्हणायची ताकद तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. तालुक्यात ही गोष्ट पसरायला पाच वर्षं लागतात. पण एकदा पसरली की लोक दुसऱ्या वकिलाकडे दावा असताना नुसतं विचारायला तुमच्याकडे येतात. एका चांगल्या सीनियरकडे किमान तीन वर्षं काढा. आमच्या सीनियरांनी मला पहिलं वर्षभर फक्त कैफियती (प्रतिवादींची लेखी उत्तरं) वाचायला लावल्या आणि निशाणी पाचचे, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकुमाचे, अर्ज हाताने लिहायला लावले. मनाई हुकूम मिळाला की निम्मा दावा जिंकला, असं आमच्याकडे म्हणतात, आणि ते त्या हाताने लिहिलेल्या अर्जांत कळलं.

काम कधी संपत नाही आणि शिकणंही संपत नाही. अठराव्या वर्षी बंदूक पुसायला शिकलो, पंचाहत्तराव्या वर्षी भारतीय न्याय संहिता. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले, चाळीस वर्षं तोंडात बसलेली ४२० आता ३१८ झाली. आमच्या एका ज्युनियर मुलीने मला जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करून दिला, तो टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. ई-फायलिंग तीच करते. बहिणींच्या हिश्श्याचे दावे आता जवळपास रोज येतात. महाराष्ट्राने मुलींना १९९४ साली हक्क दिला, केंद्राने २००५ साली, आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तो जन्मापासून असल्याचं पक्कं झालं. ज्या थोरल्या भावांशी आम्ही सैनिकांतर्फे भांडलो, त्यांच्या आणि त्या सैनिकांच्या बहिणी आता एका बाजूला उभ्या असतात. मी त्यांचीही वकीलपत्रं घेतो. आणि १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. आमच्या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी कित्येक वर्षं मागणी केली, काम बंद ठेवलं, मोर्चे काढले. अपिलासाठी एस.टी.ने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठणारी, स्टेशनवर झोपणारी माझी अशिलं मला आठवतात. पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम कोल्हापूरला गेलो. काम काही नव्हतं, नुसता मागच्या बाकावर बसून आलो.

२०२५ च्याच जुलैत राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक कल्याण कार्यालयांतून सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना मोफत कायदेशीर मदत द्यायची, अशी ती योजना आहे. अशा ठिकाणी बसायला पलटण माहीत असलेले वकील हवेत. सनद झाली की तिथं नाव द्या, सीनियरकडे बसत असतानाच.

डिस्चार्जला वर्ष आहे म्हणालात, तर त्यात एवढं करून घ्या. युनिटच्या क्लार्कबरोबर एक दुपार बसा. तुमच्या लग्नाची आणि मुलांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर निघाली आहे का, वहिनींचं नाव आधारवर आहे तसंच्या तसं तिथं आहे का, किंड्रेड रोलमध्ये (घरच्यांच्या यादीत) कोण कोण आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चुकलं असेल तर नोकरीत असताना दुरुस्ती सोपी असते. मग तुमच्या कंपनीत ज्यांची गावाकडे कोर्टात कामं चालू आहेत त्यांची एक वही करा. कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, पुढची तारीख. दाव्यांचे नंबर ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकून बघा. त्यातल्या काहींमध्ये तारीख होऊन गेलेली असेल आणि जवानाला माहीत नसेल. त्यांना सांगा, आणि ऑर्डर २८ चा कागद सी.ओ. साहेबांसमोर करून घ्यायला लावा. त्यासाठी सनद लागत नाही.